दोन कॉलेजं आणि एक खुर्ची

माझ्या धाकट्या भावाच्या तोंडून ‘नाही’ हा शब्द निघत नाही. लहानपणी निघायचा. मला तर उठता-बसता म्हणायचा. पण वडिलांनी त्याच्या हातात वस्तरा दिला तेव्हा बजावलं होतं, ज्याच्या गळ्यावर आपलं पातं आहे त्याच्याशी वाद घालायचा नाही. गिऱ्हाईक हललं की कापलं. तेव्हापासून गिऱ्हाईक म्हणेल ते बरोबर. कुणी म्हणालं यंदा ऊन फार, की हा म्हणणार, ‘अगदी बरोबर बोललात.’ पुढचा म्हणाला यंदा ऊन कुठंय, की ‘तेच म्हणतो मी.’ इतकी वर्षं सलून चालवून ते त्याच्या अंगात असं मुरलंय की घरी वहिनीनं विचारलं, भाजीत मीठ कमी आहे का, तर हो. जास्त आहे का, तरी हो. वहिनीनं विचारणंच सोडून दिलं.

मी त्याची मोठी बहीण. सलूनच्या मागच्या अर्ध्या भागात माझं बायकांचं पार्लर आहे. मध्ये प्लायवूडची भिंत आहे, पण ती नावालाच. पुरुषांच्या बाजूला कुणी शिंकलं की इकडे खुर्चीत बसलेली बाई विचारते, ‘औषध घेतलं का हो?’ त्यामुळे मला सगळं ऐकू येतं. आणि स्वभाव माझा भावाच्या अगदी उलटा. पटलं नाही की मी तोंडावर बोलते. बायका माझ्याकडे भुवया कोरायला येतात, चार बोलणी खाऊन जातात, आणि तरी परत येतात, कारण भुवया मी सुरेख काढते.

तर गोष्ट आहे भावाच्या पोरीची. तिला सगळे मुंगी म्हणतात. रांगायला लागल्यापासून काही ना काही ओढत न्यायची म्हणून मीच ते नाव ठेवलं. मुंगीला डॉक्टर व्हायचं होतं. पोरीनं अभ्यास करून करून चष्म्याची भिंगं जाड करून घेतली आणि दोन मेडिकल कॉलेजांत प्रवेश मिळवला. एक आपल्याच राज्यातलं सरकारी. फी झेपण्यासारखी, इमारत जुनाट, लिफ्ट बंद, आणि दवाखान्यात ही गर्दी. दुसरं बाहेरच्या राज्यातलं, खासगी. काचेची इमारत, समोर कारंजं, आणि फी अशी की आकडा ऐकून वहिनी मटकन खाली बसली, ती चहा पाजेपर्यंत उठली नाही.

ती फी भरायची तर एकच मार्ग होता. दुकान विकायचं. म्हणजे पुढचा अर्धा भाग भावाचा आणि मागचा माझा, दोन्ही. शनिवारपर्यंत एका कॉलेजला ‘येते’ म्हणून कळवायचं होतं आणि दुसरं सोडून द्यायचं होतं.

आता माझी पंचाईत बघा. मला सरकारी कॉलेज पसंत होतं. पण तसं बोलले असते तर लोक म्हणाले असते, हिला स्वतःचं पार्लर वाचवायचंय. आणि वाचवायचं होतंच की! या वयात मी कुठं नवीन आरसे लावत फिरू? म्हणून मी मनाशी ठरवलं, या बाबतीत तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. पोरीचं आयुष्य आहे, तिचे आईबाप बघून घेतील. माझ्यासारखीला गप्प बसायचं म्हणजे काय होतं, ते त्या आठवड्यात भुवया कोरून गेलेल्या बायकांना विचारा. दोघीतिघींच्या तर इतक्या बारीक आणि उंच झाल्या की नंतर बरेच दिवस त्या नुकतीच काहीतरी भयंकर बातमी ऐकल्यासारख्या दिसत होत्या.

भाऊ काय करत होता? भाऊ हो म्हणत होता.

शाळेतले निवृत्त हेडमास्तर दाढीला बसले. म्हणाले, ‘सरकारीत घाला पोरीला. पेशंट भरपूर, हात बसतो.’ भाऊ म्हणाला, ‘अगदी बरोबर बोललात.’ त्यांच्यामागून औषधाच्या दुकानाचा मालक आला. ‘सरकारीत? अहो, तिथं पंखे फिरत नाहीत. खासगीत घाला, पोरीचं कल्याण होईल.’ भाऊ म्हणाला, ‘तेच म्हणतो मी.’ एकानं सांगितलं, डॉक्टर नकोच, तिला विमान चालवायला पाठवा. तेही याला अगदी बरोबर वाटलं. एक म्हातारे गृहस्थ तर खुर्चीत झोपून घोरत होते. ते जोरात घोरले, आणि हा म्हणाला, ‘हो ना.’ मी भिंतीपलीकडून कपाळाला हात लावला.

मंगळवारी दुपारी भावाची बाजू रिकामी होती. भावानं त्या खासगी कॉलेजचं गुळगुळीत पुस्तक काढलं आणि मुंगीला शेजारी बसवलं. मी भिंतीला कान लावला नव्हता. तशी गरजच पडत नाही.

‘बघ काय इमारत आहे,’ भाऊ म्हणाला.

‘छान आहे, बाबा.’

‘कारंजं बघितलंस? दिवेही आहेत त्यात.’

‘हो ना, बाबा.’

‘आवडलं ना तुला?’

‘हो, बाबा. तुम्हाला?’

‘मला तर फारच.’

झालं! पोरीला काच आवडली होती, बापाला कारंजं आवडलं होतं, आणि मी तोंडाला कुलूप घालून बसले होते. त्या दिवशी माझ्यासमोर जी बाई बसली होती तिनं हळूच विचारलं, ‘ताई, दुसरी भुवई राहिलीये, ती उद्या करायची का?’

बुधवारी टायवाला आला, कायम टाय लावून फिरतो तो. हा त्या खासगी कॉलेजच्या आपल्या गावातल्या ऑफिसात काम करतो, आणि मिशा रंगवायला नेमानं भावाकडे येतो. खुर्चीत बसल्या बसल्या त्यानं सुरू केलं. पोरगी हुशार आहे, असं कॉलेज पुन्हा मिळायचं नाही, बापानं हात आखडता घेऊ नये. भाऊ प्रत्येक वाक्याला हो हो करतोय. मग टायवाला म्हणाला, ‘दुकानाची काळजी सोडा. माझ्या मेव्हण्याला बुटांचं दुकान काढायचंय. जागा त्याला देऊन टाका. उद्या पाठवतो त्याला.’

आणि भाऊ म्हणाला, ‘अगदी बरोबर बोललात.’

गुरुवारी मेव्हणा हजर. हातात टेप. सलून मापून झाल्यावर हा बाबा न विचारता सरळ माझ्या बाजूला शिरला. एक बाई डोक्याला रंग लावून, वर प्लास्टिकची टोपी घालून बसली होती. तिच्या डोक्यावरून टेप नेऊन यानं भिंत मापली. ‘ही भिंत पाडायची. इथं बायकांच्या चपला, तिथं लहान मुलांचे बूट. बाई, तुम्ही जरा सरकता का?’

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ‘बाई सरकणार नाही,’ मी म्हटलं, ‘आणि भिंतही सरकणार नाही. तू सरक!’

‘पण तुमच्या भावानं हो म्हटलंय.’

‘अरे, माझा भाऊ घोरण्यालासुद्धा हो म्हणतो!’

त्यानं टेप शांतपणे गुंडाळली. ‘उद्या संध्याकाळी इसाराचे पैसे घेऊन येतो,’ म्हणाला, आणि गेला. टोपीतल्या बाईनं मला विचारलं, ‘बूट चांगले ठेवणार आहे का हो तो?’ तिला मी काय उत्तर दिलं ते इथं सांगण्यासारखं नाही.

मी तशीच भावाच्या बाजूला गेले. ‘तू दुकान विकलंस?’

‘मी कुठं विकलं, ताई? मी मिशा रंगवत होतो.’

‘हो म्हणालास ना?’

‘नाही म्हटलं असतं तर तो दचकला असता. रंग ओठावर गेला असता.’

‘मग आता फोन कर. फोनवर कुणाच्या मिशा नसतात. सांग त्याला, चूक झाली.’

भाऊ कात्री पुसत राहिला. पुसलेलीच पुन्हा पुसली. मग खाली मान घालून म्हणाला, ‘मुंगीला आवडलंय गं ते कॉलेज.’

मी परत माझ्या बाजूला आले आणि टोपीतल्या बाईचा रंग धुतला. वेळेपेक्षा जास्त ठेवल्यामुळे तो जरा जांभळा आला होता. तिला तो आवडला, हे तिचं नशीब आणि माझंही.

शुक्रवारी आमचं दुकान बंद असतं. पण मला घरी चैन पडेना. संध्याकाळी तो मेव्हणा येणार, भावाच्या हातात इसार ठेवणार, आणि हा माणूस मान डोलावून तो घेणार. मला डोळ्यांसमोर बूट दिसत होते. आणि तेव्हाच माझ्या डोक्यात आलं, की आमच्या त्या खुर्चीची एक गंमत आहे. गळ्याभोवती कापड बांधलं, तोंडाला फेस लावला, की माणूस खरं बोलायला लागतो. सासऱ्याशी भांडण, साहेबाची लबाडी, स्वतःची मूळव्याध, जे बायकोला सांगत नाहीत ते लोक तिथं सांगतात. आणि इतक्या वर्षांत त्या खुर्चीत न बसलेला आमच्या घरात एकच माणूस होता. भाऊ स्वतःची दाढी घरी मोरीत उभ्यानं करतो.

भाऊ, वहिनी आणि मुंगी, तिघांनाही मी दुकानात घेऊन गेले. शटर अर्धं वर केलं. भावाला म्हटलं, ‘बस.’

‘कुठं?’

‘खुर्चीत. तुझी दाढी करायचीये.’

‘अगदी बरोबर,’ म्हणाला आणि बसला. म्हणजे बघा!

मी कापड बांधलं, जरा घट्टच. डोळे तेवढे सोडून फेस फासला. वस्तरा मुंगीच्या हातात दिला.

‘आत्या, मला येत नाही गं.’

‘डॉक्टर होणार ना? धर.’

‘हो, आत्या.’ या घरात कुणाला दुसरा शब्द ठाऊक असेल तर शपथ!

‘आता ऐक,’ मी भावाला म्हटलं. ‘आज तू गिऱ्हाईक. तू बोलायचं आणि आम्ही हो म्हणायचं. सुरू कर.’

भाऊ आरशात स्वतःकडे बघत राहिला. त्या बाजूनं त्यानं आरसा कधी बघितलाच नव्हता. मग घसा खाकरून म्हणाला, ‘उकडतंय फार.’

‘अगदी बरोबर,’ आम्ही तिघी म्हणालो.

‘पंखा हळू फिरतोय.’

‘तेच म्हणतो आम्ही.’

मुंगीनं घाबरत घाबरत एका गालावरून वस्तरा फिरवला. आणि भाऊ बोलायला लागला. अहो, काय बोलायला लागला! टायवाल्याला टक्कल पडतंय आणि तो ते मान्य करत नाही. हेडमास्तर फुकट पेपर वाचून जातात. विमानवाल्याच्या घरात कुणी कधी विमानात बसलेलं नाही. आम्ही हो हो करत होतो. आणि मग आवाज खाली आला त्याचा.

‘ते काचेचं कॉलेज बघितलं की पुस्तक मिटून टाकावंसं वाटतं मला,’ तो म्हणाला. ‘दुकान गेलं तर सकाळी उठून मी जायचं कुठं? पण मुंगीला आवडलंय. आजवर पोरीला सगळं स्वस्तातलंच दिलं मी. दप्तर स्वस्तातलं, सायकल कुणाची तरी जुनी. केससुद्धा मीच कापले, दुसरीकडे पैसे पडतात म्हणून. आता डॉक्टरकीही स्वस्तातलीच दिली तर ती काय म्हणेल? बाप म्हणून एकदा तरी भारीतलं काही द्यावं की नाही माणसानं?’

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. वहिनीनं पदर तोंडाला लावला. मी मुंगीला कोपरानं ढोसलं, ‘आता तू बोल.’

मुंगी म्हणाली, ‘बाबा म्हणतात ते बरोबर आहे.’

माझा तोल गेला. ‘मुंगे! आठवडाभर मी गप्प आहे, माझा जीव जायची वेळ आलीये! गळा तुझ्या बापाचा, वस्तरा तुझ्या हातात, आणि आताही तू हो म्हणालीस तर उद्या इथं चपला लागतील. तुला हवं असेल तर हवं म्हण, माझं काही म्हणणं नाही. पण खरं बोल गं बाई, आयुष्यात एकदा!’

मुंगीनं वस्तरा बापाच्या गळ्यावरून काढून बाजूला ठेवला. चष्मा वर सरकवला. आणि अगदी हळू म्हणाली, ‘नाही.’

‘काय नाही?’ भाऊ म्हणाला.

‘मला तिथं नाही जायचं, बाबा. कधीच नव्हतं जायचं. तुम्ही इतक्या हौसेनं कारंजं दाखवत होतात, म्हणून मी हो म्हटलं.’

‘मी हौसेनं? अगं, मी तुझा चेहरा बघून दाखवत होतो!’

‘आणि मी तुमचा बघून!’

दोघं आरशातून एकमेकांकडे बघत राहिले. वहिनी म्हणाली, ‘म्हणजे दोघांनाही नकोय? आणि मी चार रात्री दागिने उशाशी घेऊन झोपले, विकायला लागतील म्हणून?’ आणि ती जी सुरू झाली! माझ्या वहिनीला इतके शब्द येतात हे मला ठाऊकच नव्हतं.

ती दमल्यावर भाऊ म्हणाला, ‘पण मुंगे, भारी आहे गं ते.’

‘बाबा, दुकान विकून मी डॉक्टर झाले ना, तर समोर पेशंट बसला की मला दुकानच दिसेल. असे किती तपासले की तुमची खुर्ची परत येईल, किती तपासले की आत्याचे आरसे परत येतील, हेच मनात येईल माझ्या. मला समोरच्याचं नुसतं दुखणं बघायचंय. आणि सरकारीत गर्दी आहे ना, ती मला आवडते. मी गर्दीतच वाढलेय, इथं.’

फेस वाळत चालला होता. मी नाक पुसत होते आणि मला त्याची लाज वाटत नव्हती.

तेवढ्यात शटर खडखडलं. बाहेर मेव्हणा. एका हातात पाकीट, दुसऱ्या हातात टेप होतीच.

भाऊ उठला. गळ्यात कापड, अर्धा गाल साफ, अर्ध्यावर फेस. तसाच दारापर्यंत गेला. आम्ही तिघी जागच्या जागी उभ्या. मेव्हण्यानं पाकीट पुढं केलं. ‘ठरल्याप्रमाणे देऊन टाकतो, काय?’

भावानं तोंड उघडलं. ‘अ...’ एवढंच आलं. पुढं ‘गदी’ आलं असतं तर संपलंच होतं सगळं. ‘अ...’ त्यानं पुन्हा केलं. वहिनीनं माझा हात घट्ट धरला.

‘अजिबात नाही,’ भाऊ म्हणाला.

‘नाही म्हणजे?’

‘नाही म्हणजे... तुमचं सगळं बरोबर आहे हो. तुम्ही माणूस चांगले आहात. बुटांचा धंदाही चांगला आहे. पण नाही.’

मेव्हणा बराच वेळ उभा राहिला. बहुतेक पुढं काहीतरी येईल म्हणून. काही आलं नाही. मग गेला बिचारा. जाताना शटरची उंची तेवढी मापून गेला.

भाऊ परत येऊन खुर्चीत बसला. डोळ्यांत भलताच तोरा. ‘आणखी कुणाला काही बोलायचं असेल तर आत्ताच बोला,’ म्हणाला.

‘माझं आहे,’ वहिनी म्हणाली. ‘तुम्ही दर वेळी माझे केस जास्त कापता.’

‘अगं, मग बोलली का नाहीस?’

‘तुम्ही विचारता, बरं झालंय ना, आणि मी हो म्हणते.’

आम्ही हसलो. मुंगी तर पोट धरून हसत होती. भाऊही हसला, आणि हसता हसताच त्याचा चेहरा बदलला.

‘मुंगे,’ तो म्हणाला, ‘माझंही एक राहिलंय. ते सरकारी कॉलेजही दुसऱ्या गावात आहे. तिथं होस्टेलला राहावं लागेल तुला.’

‘हो, बाबा.’

‘मला तेही नकोय. स्वस्त नको, भारी नको. मला तू कुठंच जायला नको आहेस. इथंच राहा तू.’

मी मुंगीकडे बघितलं. वहिनीही बघत होती. बापानं इतक्या कळकळीनं मागितलेल्या कुठल्याही गोष्टीला आजवर या पोरीनं काय म्हटलंय, ते आम्हा दोघींना पाठ होतं. तिचे डोळे भरून आले. तिनं चष्मा काढला, बाहीला पुसला, परत घातला.

‘नाही, बाबा,’ ती म्हणाली. ‘मी जाणार.’

भावानं आरशात तिच्याकडे बघितलं आणि मान हलवली. ‘जा,’ म्हणाला. ‘आता ही उरलेली दाढी तरी करून जा.’

मुंगीनं नवीन फेस लावला, वस्तरा उचलला, आणि पहिल्याच फटक्यात हनुवटीवर कापलं.

‘अगं, मारतेस का मला!’ भाऊ केवढ्यानं तरी ओरडला.

‘हलू नका,’ मुंगी म्हणाली. तिनं कापसाचा बोळा घेऊन जखमेवर दाबून धरला, दुसरा हात त्याच्या डोक्यामागे ठेवला. भाऊ डोळे मिटून बसून राहिला. ती बराच वेळ तशीच दाबून उभी होती. रक्त केव्हाच थांबलं होतं.